विकासदराचा हिशेब तिसरीच्या वर्गापासून

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षीच्या मार्च महिन्यात १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विधेयकाची मागणी आज वाचताना आश्चर्य वाटावे इतकी मर्यादित होती. ज्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच एका ठरावीक पातळीला पोहोचले आहे, तेथील नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला, तेही सरकारची पूर्वपरवानगी घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा असावी आणि महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकाकडून फी घेऊ नये, एवढेच त्यात होते. त्यावर आक्षेप आले ते खर्चाचे, लोकांची अशी मागणीच नसल्याचे आणि मुले शाळेत गेली तर शेतावर मजूर कोठून मिळणार या चिंतेचे. फर्ग्युसन कॉलेजात गणित आणि अर्थशास्त्र शिकवलेल्या आणि सरकारी अंदाजपत्रकातला आकडा न् आकडा तपासून बोलणाऱ्या गोखल्यांना खर्चाचा मुद्दा कळत नव्हता असे कोणीच म्हणणार नाही. हा खर्च कशासाठी करायचा आहे, हे त्यांना विरोधकांपेक्षा अधिक स्पष्ट दिसत होते.

ते विधेयक मंजूर झाले असते तर देश श्रीमंत झाला असता, असे मी म्हणणार नाही. परकीय सत्तेखालच्या अर्थव्यवस्थेला रोखून धरणाऱ्या गोष्टी अनेक होत्या. परंतु १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता १८.३३ टक्के आणि स्त्रियांची ८.८६ टक्के भरली, ही गोष्ट त्या पराभवापासून वेगळी काढता येत नाही. स्वतंत्र भारताने पहिली पंचवार्षिक योजना आखली तेव्हा ज्या लोकांच्या श्रमावर ती उभी राहायची होती, त्यांच्यातील दर शंभरामागे ऐंशीहून अधिक जणांना खताच्या पोत्यावरची सूचना किंवा यंत्रावरची पाटी वाचता येत नव्हती. देशाची आर्थिक वाढ आणि त्याच्या शिक्षणाची पातळी यांच्या नात्याबद्दल आपल्याकडे बोलले जाते तेव्हा बहुधा विद्यापीठे, पदवीधर आणि जागतिक क्रमवारी यांचीच चर्चा होते. माझे म्हणणे असे आहे की या नात्याचा निर्णय फार खाली, पहिल्या तीन-चार इयत्तांत होतो. वर्गातील मागच्या बाकांवरची निम्मी मुले तेथे काय शिकतात यावर होतो. आणि भारताने तो पाया मागे ठेवून वरचे मजले आधी चढवल्याची किंमत आजही आपण मोजतो आहोत.

अर्थशास्त्राला ही गोष्ट ध्यानात यायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा दर कामगारामागे वाढलेल्या उत्पादनाचा सुमारे सात-अष्टमांश भाग यंत्रे आणि इमारती यांच्या वाढीने उलगडत नाही असे दिसून आले. उरलेल्या या मोठ्या भागाला तांत्रिक प्रगती म्हटले गेले खरे, पण ती प्रगती प्रत्यक्षात कोण घडवते आणि कोण हाताळते हा प्रश्न उरलाच. दक्षिण डाकोटातील शेतावर वाढलेल्या थिओडोर शुल्ट्झ यांनी त्याचे सरळ उत्तर दिले: माणसाचे ज्ञान, कौशल्य आणि आरोग्य हेदेखील भांडवल आहे आणि त्यावर केलेला खर्च ही गुंतवणूक आहे. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तोवर हा विचार जगभरच्या नियोजनकारांनी स्वीकारला होता आणि गरीब देश झपाट्याने शाळा उघडत होते.

मग १९९० च्या दशकात एक अडचणीची गोष्ट समोर आली. लँट प्रिचेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले की १९६० नंतरच्या पंचवीस वर्षांत अनेक गरीब देशांतील लोकांची शाळेत घालवलेली सरासरी वर्षे कितीतरी वाढली, तरीही त्या प्रमाणात त्यांची आर्थिक वाढ झालेली नाही. लॅटिन अमेरिकेतील देश हे त्याचे ठळक उदाहरण. तेथील माणसे पूर्व आशियातील माणसांइतकीच किंवा त्यांच्याहून अधिक वर्षे शाळेत गेली होती, पण अर्थव्यवस्था मागे पडली होती. पुढे एरिक हानुशेक आणि लुडगर व्योसमान यांनी शालेय वर्षांच्या जोडीला गणित आणि विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांतील गुण हिशेबात घेतले, तेव्हा कोडे बरेचसे सुटले. मुलांना खरोखर काय येते याचा आर्थिक वाढीशी घट्ट संबंध दिसला आणि ते एकदा मोजल्यावर किती वर्षे शाळेत गेले या आकड्याला जवळपास स्वतंत्र अर्थ उरला नाही. हजेरीपटावरचे नाव, उत्तीर्णतेचा दाखला आणि पदवी यांना आपल्या धोरणात जे स्थान आहे ते पाहता, ही गोष्ट आपण पुरेशी मनावर घेतलेली नाही असे मला वाटते.

शिक्षणातून उत्पादन वाढते म्हणजे नेमके काय घडते, हे एखाद्या व्यवसायात शिरून पाहिल्याशिवाय कळत नाही. नाशिकच्या निर्यातक्षम द्राक्षबागेचे उदाहरण घ्या. एप्रिलमधील खरड छाटणीपासून ऑक्टोबरमधील फळछाटणीपर्यंत आणि तेथून माल काढणीपर्यंत बागायतदाराला प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते. कोणते औषध, किती लिटर पाण्यात किती प्रमाण, कोणत्या तारखेला आणि काढणीपूर्वी किती दिवस ते थांबवायचे. युरोपातील खरेदीदार फळाच्या नमुन्यात औषधाचा अंश किती दशलक्षांश आहे ते तपासतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यावरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि त्याची झळ शेकडो बागायतदारांना बसली. त्या घटनेला एकट्या शेतकऱ्याचे अज्ञान कारण नव्हते. नियमांची माहिती वेळेवर पोहोचली नाही हाही दोष होता. पण त्यानंतर ही शेती सावरली ती नोंदी ठेवणाऱ्या, प्रयोगशाळेचा अहवाल वाचू शकणाऱ्या आणि बदललेला नियम पुढच्या छाटणीपूर्वी अंमलात आणणाऱ्या माणसांमुळे. या सगळ्याला कृषी पदवी लागत नाही. मात्र न अडखळता वाचता येणे, त्रैराशिक करता येणे आणि लिहिलेल्यावर शंका घेता येणे अत्यावश्यक ठरते.

शुल्ट्झ यांनी हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली होती. पिढ्यान् पिढ्या शेती एकाच पद्धतीने होत असेल तर निरक्षर शेतकरीही ती उत्तम करतो. जगाच्या पाठीवर कोठेही तो मूर्ख नसतो. परंतु बियाणे, बाजार किंवा हवामान बदलू लागले की शिकलेला माणूस नव्या परिस्थितीचा अंदाज लवकर घेतो. भारतातील हरितक्रांतीच्या काळात शेतकरी कुटुंबांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासातही असेच दिसले: ज्या भागांत नव्या वाणांनी उत्पादन झपाट्याने वाढवले तेथे प्राथमिक शिक्षणाचा मोबदला वाढला आणि तो वाढल्याचे पाहून लोकांनी मुले शाळेत घालण्याचे प्रमाणही वाढले. म्हणजे शिक्षणातून वाढ होते तशी वाढीतूनही शिक्षण होते. दिल्लीच्या परिसरातील गावांमध्ये कॉल सेंटरच्या नोकऱ्यांसाठी भरती करणारे लोक पाठवून पाहिले, तेव्हा तेथील मुली अधिक काळ शाळेत राहू लागल्या आणि तरुणींची लग्ने लांबली, असे एका प्रयोगात आढळले. शिक्षण हे कारण की परिणाम, असा वाद घालणाऱ्यांनी ही दोन्ही निरीक्षणे एकत्र ठेवायला हवीत. पहिले पाऊल मात्र सरकारला टाकावे लागते, कारण ज्याला मोबदला अजून दिसलेलाच नाही त्या पालकाने आपणहून वाट पाहत बसावे आणि तोवर मुलाला शाळेत ठेवावे, अशी अपेक्षा करणे गरिबीचे स्वरूप न समजण्यासारखे आहे.

पहिले पाऊल कसे टाकावे याचे सर्वात बोलके उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. १९४५ साली जपानी राजवट संपली तेव्हा तेथील प्रौढांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक निरक्षर होते. त्यानंतर देशाची फाळणी झाली, १९५० ते १९५३ च्या युद्धात शाळांच्या इमारतीही उद्ध्वस्त झाल्या. अशा देशाने १९५४ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची सहा वर्षांची योजना हाती घेतली आणि १९५९ पर्यंत प्राथमिक वयाच्या सुमारे ९६ टक्के मुलांना शाळेत आणले. वर्ग खचाखच भरलेले असत, अनेक शाळा दोन पाळ्यांत चालत. शिक्षणाच्या सरकारी खर्चाचा मोठा भाग प्राथमिक शाळांकडे वळवलेला होता आणि महाविद्यालयाचा भार बहुतांशी पालकांवर होता. प्राथमिक शिक्षण सर्वदूर झाल्यावर त्यांनी माध्यमिककडे मोर्चा वळवला, १९६९ पासून माध्यमिक शाळेची प्रवेशपरीक्षा काढून टाकायला सुरुवात केली आणि मग उच्च शिक्षणाचा विस्तार केला. या देशाचे दरडोई उत्पन्न १९६० साली वर्षाला जेमतेम दीडशे डॉलरच्या आसपास होते हे लक्षात घेतले पाहिजे. श्रीमंत झाल्यावर शाळा काढू, असे त्यांनी म्हटले नाही. १९६० च्या दशकात प्लायवूड, कापड आणि केसांचे टोप निर्यात करणारे कारखाने निघाले तेव्हा त्यांना लागणाऱ्या मुली आणि मुले लिहितावाचता येणारी होती. १९७० च्या दशकात पोलाद आणि जहाजे बनू लागली तोवर त्यांची धाकटी भावंडे माध्यमिक शाळा संपवून कामावर आली होती.

कोरियाचे नाव घेताना फिलिपीन्सही आठवला पाहिजे. १९६० च्या सुमारास या दोन देशांचे उत्पन्न आणि शाळेतील मुलांचे प्रमाण यांत फारसा फरक नव्हता. पुढे कोरिया कोठे गेला आणि फिलिपीन्स कोठे राहिला हे सर्वांना दिसते. कोरियात १९५० च्या आसपास जमिनीचे फेरवाटप झाले होते, उद्योगांना निर्यातीची कठोर शिस्त लावली गेली आणि शिकलेल्या माणसाला घेणारे कारखाने देशातच उभे राहिले. फिलिपीन्सची शिकलेली माणसे परदेशी निघून गेली. आपल्या केरळमध्येही याच्याशी मिळतीजुळती गोष्ट घडली. त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाई यांनी १८१७ साली शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा अशी आज्ञा काढली होती आणि २०११ च्या जनगणनेत केरळची साक्षरता ९४ टक्के होती. तरीही स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशके तेथील उत्पादनाची वाढ मंद होती आणि तेथील तरुणांनी आखाताची वाट धरली. शिक्षण आपोआप कारखाने उभे करत नाही. पण केरळच्या परिचारिका, तंत्रज्ञ आणि कारकून आखातात गेले आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांतून १९८० च्या दशकाअखेरपासून राज्याची वाढ वेगाने होऊ लागली, यातूनही एक गोष्ट कळते. निरक्षर समाजाला अशी दुसरी संधी सहसा मिळत नाही. संधी उशिरा आली तरी ती घेण्याची तयारी असलेली माणसे केरळात होती.

भारताने घेतलेली दिशा उलटी होती आणि तिची सुरुवात १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणापाशी होते. वरच्या थोड्या लोकांना इंग्रजी शिक्षण द्यावे, मग ते त्यांच्याकडून खाली झिरपेल, असा तो विचार. त्याला महाराष्ट्रात सर्वात स्पष्ट उत्तर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात दिले. सरकारच्या तिजोरीत येणारा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हा त्यांचा आक्षेप होता. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घेतलेले आणि प्रशिक्षित असावेत व त्यांना महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, असे त्यांनी मागितले. हे निवेदन सामाजिक न्यायाचा दस्तऐवज म्हणून वाचले जाते आणि तसे ते आहेच. परंतु अर्थशास्त्राचा दस्तऐवज म्हणून ते क्वचित वाचले जाते याची मला खंत वाटते, कारण शेतीचे उत्पादन शेती करणाऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून आहे हा त्यातील धागा शुल्ट्झ यांच्या जन्माच्याही वीस वर्षे आधीचा आहे.

हा विचार कागदावरच राहिला असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेल्या आणि दत्तक जाईपर्यंत अक्षरओळख नसलेल्या सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला. गोखल्यांचे विधेयक पडल्यानंतर पाच वर्षांनी, १९१७ साली, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले व मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पैसे नाहीत म्हणून शिक्षण देता येत नाही, असे सांगणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या शेजारीच त्याहून कितीतरी लहान तिजोरीची ही दोन संस्थाने ते करून दाखवत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात हाच हिशेब वेगळ्या बाजूने मांडला: अबकारीच्या रूपाने लोकांकडून जेवढा पैसा घेतला जातो, निदान तेवढा तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्यास सांगितले. ती मुदत १९६० साली संपली. शिक्षण हा मूलभूत हक्क होण्यास २००२ ची घटनादुरुस्ती आणि तो प्रत्यक्ष लागू होण्यास १ एप्रिल २०१० हा दिवस यावा लागला. याच काळात १९५१ साली खरगपूरला आणि १९५८ साली मुंबईत पवईला आयआयटी उभी राहिली, संशोधन प्रयोगशाळा निघाल्या, विद्यापीठे वाढली. या संस्था उभारणे चूक होते असे मी मुळीच मानत नाही. अणुऊर्जा, अवकाश संशोधन, औषधनिर्मिती आणि संगणक क्षेत्रातील भारताचे यश त्यांच्यावाचून शक्य नव्हते. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली नसती तर पुण्याच्या संगणक उद्योगाला मनुष्यबळ मिळणे अवघड गेले असते, हेही खरे आहे. दोष आहे तो दुसरी बाजू पन्नास वर्षे थांबवून ठेवण्यात. १९८० च्या दशकाच्या आरंभी चीनमधील प्रौढ साक्षरता सुमारे ६५ टक्के होती आणि भारतातील ४० टक्क्यांच्या आसपास. चीनने बाजार खुला केला तेव्हा त्याच्या खेड्यांतून कारखान्यांकडे निघालेली माणसे वाचू शकत होती. भारताने १९९१ साली बाजार खुला केला तेव्हा त्याचा लाभ घेण्याची तयारी मुख्यतः पदवीधरांचीच होती.

त्याचा ठसा आजच्या अर्थव्यवस्थेवर स्पष्ट दिसतो. आपली वाढ सॉफ्टवेअर, वित्तसेवा आणि औषधे अशा उच्चशिक्षितांना घेणाऱ्या क्षेत्रांतून झाली. कापड, पादत्राणे, खेळणी, विजेच्या वस्तूंची जुळणी अशा, आठवी-दहावी शिकलेल्या लाखो हातांना काम देणाऱ्या उद्योगांत आपण मागे राहिलो. कामगार कायदे, वीज, रस्ते, जमिनीचे व्यवहार ही त्याची इतर कारणे आहेत आणि कोणी एकाच कारणावर बोट ठेवत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तरीही २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातील सुमारे ४६ टक्के कामकरी माणसे शेतीतच होती आणि राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास होता, ही विषमता शिक्षणाच्या उतरंडीशी जोडल्याशिवाय नीट समजत नाही. जे शेतीतून बाहेर पडले त्यांच्यापैकी फार मोठा वर्ग बांधकामाच्या मजुरीवर गेला, कारण त्यापलीकडच्या कामासाठी लागणारी किमान तयारी शाळेने करून दिलेली नव्हती.

यावर एक वाजवी आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिकलेलेच बेकार आहेत, मग आणखी शिकवून काय साधणार? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ मधील भारतविषयक अहवालानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेकारी २९.१ टक्के होती आणि लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांतील ३.४ टक्के. याचा एक भाग सरळ आहे. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो, तर पदवीधर काही काळ घरच्यांच्या आधाराने थांबू शकतो. पुण्यात सदाशिव पेठेच्या परिसरातील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेसाठी वर्षानुवर्षे बसणारी मुले आपण पाहतोच. परंतु दुसरा भाग अधिक काळजीचा आहे. ज्या मुलाची वाचनाची आणि गणिताची गाडी तिसरी-चौथीत अडली आणि जो पुढे ढकलला जात बारा-पंधरा वर्षांनी पदवीपर्यंत आला, त्याच्या हाती कागद असतो पण उत्पादक कामाला लागणारी क्षमता त्या कागदाइतकी नसते. नोकरी देणाऱ्याला हे कळते. मुलाला मात्र ते फार उशिरा कळते, तोवर घरची जमीन किंवा दागिना त्या पदवीसाठी खर्ची पडलेला असतो. पदवीधरांची बेकारी हा शिक्षण वाढवल्याचा परिणाम म्हणून दाखवला जातो. मला तो पायाकडे दुर्लक्ष करून वर चढवत नेल्याचा परिणाम वाटतो.

पायाची स्थिती काय आहे ते आकडे सांगतात. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्क्यांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला आणि पाचवीतील मुलांपैकी सुमारे ४९ टक्क्यांना. पाच वर्षे शाळेत आलेल्या मुलांपैकी निम्म्यांना दुसरीचे वाचन जमत नाही, असा त्याचा अर्थ आहे. आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीच्या २००९ च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडू ही तुलनेने पुढारलेली राज्ये सहभागी झाली आणि यादीत जवळजवळ तळाला राहिली. त्यानंतरच्या फेऱ्यांपासून भारत दूर राहिला. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर करावा असे सुचवले होते, १९६८ च्या धोरणाने ते स्वीकारले, २०२० च्या धोरणाने पुन्हा तेच लिहिले आणि मधल्या कोणत्याही वर्षी तो आकडा गाठला गेला नाही. २०२० च्या धोरणाने तिसरीपर्यंतचे वाचन आणि अंकज्ञान हे सर्वोच्च प्राधान्याचे काम मानले, ही गोष्ट मात्र मनापासून स्वागत करण्यासारखी आहे. प्रश्न आहे तो पैसा आणि माणसे या प्राधान्याच्या मागे जातात का, हा.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर उत्तर समाधान देणारे नाही. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या चौदा हजारांहून अधिक शाळा आहेत आणि त्या बंद करून समूह शाळा कराव्यात असा प्रस्ताव २०२३ साली पुढे आला. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक असतील, मुलांना सोबत मिळेल, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण यातील अनेक शाळा डोंगरातील वाड्यांवर आणि पाड्यांवर आहेत. तेथे पहिलीतल्या मुलाने ओढा ओलांडून चार किलोमीटर जावे अशी अपेक्षा ठेवली तर आधी मुली गळतील. मुलगी गळाली तर वाढीचे नुकसान दुहेरी होते, कारण शिकलेल्या आईची मुले अधिक शिकतात हे जगभर दिसून आलेले आहे आणि शिकलेली बाई कामावर गेली तर घराचे व देशाचे उत्पन्न ताबडतोब वाढते. बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण मुलींना माध्यमिक शाळेसाठी देशभर विद्यावेतन दिले आणि त्याच पिढीतील मुली पुढे तेथील कपडे उद्योगाचा कणा बनल्या. वाडीवरची शाळा मिटवून वाचणारा पैसा आणि तेथे गळालेल्या मुलीच्या चाळीस वर्षांच्या कामाचे बुडालेले उत्पन्न, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून मगच असे निर्णय घ्यायला हवेत.

शिक्षकांचेही तसेच. फुल्यांनी बारा रुपयांची किमान मर्यादा मागितली त्यानंतर एकशे अठरा वर्षांनी, २००० साली, राज्याने शिक्षणसेवक योजना आणली आणि नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे मानधनावर ठेवले. प्राथमिक शिक्षणसेवकाचे हे मानधन २०२३ मध्ये सोळा हजार होईपर्यंत अनेक वर्षे महिना सहा हजार रुपये होते. ज्या वर्गात वाचनाचा पाया पडतो त्याच वर्गावर सर्वात नवखा, सर्वात कमी मोबदल्याचा माणूस नेमायचा आणि त्याला जनगणना, मतदारयाद्या व निरनिराळ्या सर्वेक्षणांच्या कामालाही लावायचे, अशी आपली रीत आहे. एखाद्या कारखान्याने आपल्या सर्वात महत्त्वाच्या यंत्रावर असा कामगार ठेवला असता तर भागधारकांनी जाब विचारला असता.

या सगळ्याच्या तळाशी ऊसतोड कामगारांची मुले आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून कोयते निघतात, म्हणजे मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी बिऱ्हाडासह कारखान्याच्या हद्दीत जाते आणि गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, तेथेच राहते. त्यांच्यासाठी साखरशाळा काढून पाहिल्या, गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे सुरू केली. जेथे ती वेळेवर सुरू होतात तेथे मुले टिकतात, जेथे अनुदान हंगाम निम्मा सरल्यावर येते तेथे मुले आई-बापांबरोबर फडात गेलेली असतात. राज्याच्या साखर धंद्याची उलाढाल हजारो कोटींची आहे आणि ती या कोयत्यांवर चालते. आता फडात ऊसतोडणी यंत्रे येऊ लागली आहेत. एक यंत्र अनेक कोयत्यांचे काम करते, त्यामुळे येत्या दहा-पंधरा वर्षांत हे काम झपाट्याने घटेल. आज फडाच्या कडेला वाढे गोळा करणारे सात-आठ वर्षांचे मूल तोवर कामाच्या वयाचे झालेले असेल. ते यंत्र चालवणे, त्याची दुरुस्ती करणे, त्याच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवणे ही कामे राज्यात असतीलच. ती या मुलांना करता यावीत असे सरकारला वाटत असेल तर हंगामी वसतिगृहाचे पैसे आणि शिक्षक कोयते निघण्याआधी, सप्टेंबरमध्येच, गावात पोहोचले पाहिजेत.